यंत्राला तंबोरा कळत नाही

पावसाळ्याचे दिवस म्हणजे आमच्या घरात ऐकण्याचे दिवस. कपडे वाळत नाहीत, लाइट येते-जाते, भाजीवाला दोन दिवसांआड फिरकतो. पण संध्याकाळी कुणाला घराबाहेर पडावेसे वाटत नाही आणि मग दिवाणखान्यात काही ना काही लागतेच. यंदाही तसेच झाले. आमच्या ह्यांनी निवृत्तीनंतर तलत महमूदची गाणी पुन्हा पहिल्यापासून ऐकायला घेतली आहेत. वहीत क्रमांक टाकून, बँकेच्या लेजरसारखी! धाकट्या चिरंजिवांना झाकीर हुसेन नव्याने सापडले आहेत. १५ डिसेंबर २०२४ ला उस्ताद गेले, त्यानंतर त्याने ‘शक्ती’ची सगळी ध्वनिमुद्रणे शोधून काढली. त्याच वर्षी फेब्रुवारीत याच चमूला ग्रॅमी मिळाले होते, हे तो आम्हाला जेवताना तीन वेळा सांगून झाला. मी स्वतः या दोन महिन्यांत प्रभाताई अत्रे आणि किशोरीताई यांच्याकडे वळले होते. एकीचा मारू बिहाग, दुसरीचा भूप. भाजी निवडताना कान मोकळे असतात, त्याचा हा फायदा.

एवढी सगळी यादी सांगितली, पण या यादीत घरातल्या सर्वांत जुन्या रसिकाचे नाव गेले वर्षभर नव्हते. त्या म्हणजे आमच्या सासूबाई.

आईंचे वय ब्याऐंशी. माहेर पुण्याचे. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, दर आठवड्याला एक गाणे, वर्षभरात छप्पन्न. वाड्यात रेडिओ एकाच बिऱ्हाडात होता आणि त्या दिवशी दारात चपलांचा ढीग पडायचा, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक नव्या पाहुण्याला ऐकावी लागते. लग्न होऊन इंदूरला आल्या त्या पेटी घेऊनच. सकाळी पोहे परतताना विविध भारती, दुपारी माणिक वर्मा, गुरुवारी भजनी मंडळ. हा नेम पन्नास वर्षे चालला.

चारेक वर्षांपूर्वी त्यांना कमी ऐकू येऊ लागले. “साखर संपली” म्हटले की “भाकर का संपेल?” असे उत्तर यायचे. टीव्हीचा आवाज वाढला, फोनवर नातीचे बोलणे कळेना. रीतसर तपासणी झाली, दीड वर्षापूर्वी दोन्ही कानांना यंत्रे आली. पहिले पंधरा दिवस कुरकुर झाली, मग सवय झाली. बंगलोरहून लेकीचा फोन आला की आता त्या स्वतः बोलतात, भाजीवाल्याशी घासाघीस करतात, चारचौघांत बसतात. यंत्राचे पैसे वसूल झाले, असे सगळ्यांचे मत पडले.

मात्र हळूहळू रेडिओ लागेनासा झाला. भजनी मंडळात जाणे थांबले. विचारले तर म्हणायच्या, “आता नको वाटतं गं. वय झालं.” ब्याऐंशीव्या वर्षी माणूस असे म्हणाला तर त्यात कुणाला वावगे वाटत नाही. एक दिवस तर त्यांनी ह्यांना सांगितले, “ती पेटी भाचीच्या मुलीला देऊन टाक. इथे नुसती धूळ खाते.” पेटी पुसून, दोरी बांधून दाराशी येऊनही बसली.

तिचे जाणे थांबले ते धाकट्यामुळे. त्या संध्याकाळी त्याने आजीसाठी म्हणून कुमार गंधर्वांचे जुने ध्वनिमुद्रण लावले. दोन मिनिटे ऐकून त्या म्हणाल्या, “बंद कर रे. तंबोरा हलतोय.”

“आजी, रेकॉर्डिंग चांगलं आहे. मला नीट ऐकू येतंय.”

“मग माझ्याच कानात हलतोय. कुमारांचा तंबोरा असा लागेल का कधी?”

ज्यांना कुमारजींचे गाणे ठाऊक आहे त्यांना या प्रश्नाचे वजन कळेल. तंबोरे लावण्यात त्यांचा हात धरणारे फार थोडे होते. असे तंबोरे जर डळमळीत ऐकू येत असतील, तर दोष तंबोऱ्यांचा नाही आणि ऐकणारीच्या वयाचाही नाही. मधे काहीतरी आहे. आजी-नातवाची जोडी दुसऱ्याच दिवशी कान तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट बाईंकडे गेली. त्या बाईंनी जे समजावून सांगितले ते मला इतके उपयोगाचे वाटले की आजचा सगळा मजकूर त्यासाठीच.

आपल्या आतल्या कानात शंखाच्या आकाराचा एक अवयव असतो. त्यात सुमारे पंधरा हजार केसाळ पेशी असतात. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच स्वर टिपतात, आतल्या टोकाच्या खर्ज टिपतात. वयाबरोबर आधी झिजतात त्या तोंडाशी असलेल्या. पक्ष्यांमध्ये अशा पेशी पुन्हा उगवतात, माणसात एकदा गेल्या की गेल्याच. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीतले असतात, पण स, श, फ, त, क ही व्यंजने वरच्या पट्टीत ऐकू येतात. म्हणून म्हाताऱ्या माणसांना आवाज येतो, पण शब्द कळत नाही. साखरेची भाकर होते ती अशी. दुसरी गंमत म्हणजे हळू बोललेले ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोलले की कानठळ्या बसतात. “काय?” आणि “ओरडू नकोस!” ही दोन्ही वाक्ये एकाच मिनिटात येतात ती हट्टीपणामुळे नव्हे, कानाची सोसण्याची मर्यादाच अरुंद झालेली असते.

कानाचे यंत्र बनवणाऱ्यांसमोर पहिला प्रश्न असतो तो बोलणे कळावे हा. त्यासाठी यंत्र तीन कामे करते. हळू आवाज मोठा करते, मोठा आवाज दाबते. पंखा, मिक्सर, रहदारी यांसारखा एकसारखा चालणारा आवाज ‘गोंगाट’ समजून कमी करते. आणि यंत्रातून बाहेर निसटलेला आवाज पुन्हा त्याच्याच माइकमध्ये शिरून शिट्टी वाजू नये, म्हणून एकाच सुरात लांबलेला कोणताही आवाज पकडून त्याला मारते.

आता हीच तीन कामे गाण्याला लावून पाहा. गवय्याने हळुवार घेतलेला षड्ज आणि वर जाऊन लावलेला तार षड्ज यांतला चढ-उतार यंत्र सपाट करून टाकते. तंबोऱ्याची झंकार एकसारखी चालते, म्हणून यंत्राला ती पंख्यासारखी वाटते. आणि लांबवलेला स्वच्छ सूर, मग तो बासरीचा असो, तंबोऱ्याचा असो की किशोरीताईंच्या गळ्यातला असो, यंत्राच्या लेखी शिट्टीच! ते त्या सुराशी झटापट करू लागते आणि ऐकणाऱ्याला सूर थरथरल्यासारखा, हलल्यासारखा वाटतो. आईंनी नेमका हाच शब्द वापरला होता.

थोडक्यात, बोलण्यासाठी जे यंत्र शहाणे असते तेच गाण्यापुढे अडाणी ठरते. त्याला तंबोरा कळत नाही.

बाईंनी सांगितले की बहुतेक आधुनिक यंत्रांत गाण्यासाठी वेगळी मांडणी करून ठेवता येते. त्यात शिट्टी मारणारी आणि गोंगाट कमी करणारी करामत बंद किंवा अगदी कमी करतात, आवाज दाबण्याचे कामही सौम्य करतात. एक बटण दाबले की बोलण्याकडून गाण्याकडे आणि पुन्हा दाबले की परत. आईंच्या यंत्रातही ही सोय होती. यंत्र विकणाऱ्याने ती कधी लावूनच दिली नव्हती. “गाणं ऐकता का?” हा प्रश्न त्या दुकानात कुणी विचारलाच नव्हता. बाईंकडे ही नवी मांडणी व्हायला अर्धा तास लागला.

या अर्ध्या तासाने चमत्कार झाला असे मी लिहिणार नाही. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. द्रुत ताना आईंना अजूनही धूसर लागतात. पन्नास व्हायोलिने असलेली सिनेमाची गाणी म्हणजे त्यांच्या शब्दांत “सगळी भाजी एका पातेल्यात”. पण तंबोरा थांबला. म्हणजे हलायचा थांबला! आणि मग त्यांना काय नीट ऐकू येते, काय नाही, याचा शोध घेणे हा आमच्या घरातला या पावसाळ्याचा उद्योग झाला.

जे सापडले ते सांगते, कुणाच्या घरी उपयोगी पडेल. एक आवाज आणि दोन-तीन वाद्ये असतील तर छान. खालच्या पट्टीतला आवाज असेल तर त्याहून छान. गंगूबाई हनगल यांचे गाणे आईंना सर्वांत सुखाचे वाटते. गंगूबाईंचा आवाज मुळात बारीक होता. तरुणपणी घशाच्या विकारानंतर तो बदलला आणि भारदस्त झाला. त्या आवाजाची त्या काळी टिंगलही झाली असेल, पण त्याच आवाजात त्यांनी पुढे अर्धशतकाहून अधिक काळ किराणा घराणे गाजवले. २००९ मध्ये, शहाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. एका बाईच्या आजारपणाने घडवलेला आवाज दुसरीच्या थकलेल्या कानांना असा जवळचा वाटावा, याचे मला अप्रूप वाटते. वाद्यांत सरोद उत्तम, बासरी कठीण. आणि कोणतेही असले तरी ओळखीचे गाणे सोपे. जे कानाला लागत नाही ते आठवण भरून काढते. म्हणून ‘गीतरामायण’ त्यांना आमच्यापेक्षा चांगले ऐकू येते!

ऐकण्याची जागाही महत्त्वाची. स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून आवाज वाढवण्यापेक्षा, खुर्चीपासून दोन हातांवर, समोर ठेवून मध्यम आवाजात लावलेला बरा. त्या वेळी पंखा मंद. स्वयंपाकघरात मिक्सर बंद. हा नियम मी स्वतः घातला आहे आणि संध्याकाळी पाच ते सहा आमच्याकडे चटणी वाटली जात नाही.

या निमित्ताने कुमारजींचीच आठवण निघते. देवास आमच्या इंदूरहून तासाभराच्या अंतरावर. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला, लहानपणीच नाव कमावलेला हा गायक क्षयाने आजारी होऊन १९४८ मध्ये माळव्याच्या कोरड्या हवेत आला. एक फुप्फुस निकामी झाले. डॉक्टरांनी गाणे बंद केले. पुढची काही वर्षे ते अंथरुणाला खिळून होते आणि पत्नी भानुमतीबाईंनी शुश्रूषा करून त्यांना जगवले. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नव्याने आले होते, तेही कामी आले. गंमत पाहा, याच औषधाने काही रुग्णांच्या कानांना इजा होते, हे आज वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. कुमारजींचे कान शाबूत राहिले, हे आपले नशीब.

त्या वर्षांत गाता येत नव्हते, पण ऐकता येत होते. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी बाहेरून कानी येणारी माळव्यातली लोकगीते ऐकली, मनात घोळवली. लोकधून हेच रागाचे मूळ आहे, हा त्यांचा विचार आणि पुढे त्यांनी बांधलेले नवे राग त्या ऐकण्यातून उगवले. पन्नासच्या दशकात ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा गाणे बदलले होते. लांब दमसासाच्या जागी छोट्या, टोकदार स्वराकृती आल्या होत्या. शरीराने घातलेली मर्यादा त्यांनी गाण्यातच सामावून घेतली. १९६१ मध्ये भानुमतीबाई गेल्या. देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या घराचे ‘भानुकुल’ हे नाव त्यांची आठवण देते. गवय्याचे नाव सगळ्यांना माहीत असते. त्याच्या उशाशी बसून औषधाच्या वेळा सांभाळणाऱ्या बाईचे नाव घरावर राहिले, याचे मला फार बरे वाटते.

आमच्याकडे अर्थात इतके मोठे काही घडलेले नाही. पण आजारी माणसाचे ऐकणेही सांभाळावे लागते, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे. म्हाताऱ्या माणसाचे आपण काय काय सांभाळतो? रक्तदाब, साखर, गुडघे, दात. कानांच्या बाबतीत ‘आपण बोललेले कळते ना?’ एवढ्यावर थांबतो, कारण त्याची गरज आपल्यालाही असते. गाण्याची गरज मात्र फक्त त्यांची असते. ते गेले तर घरात कुणाचे काही अडत नाही, म्हणून ते कधी गेले याचा पत्ता लागत नाही. आणि ते माणूस तक्रारही करत नाही. सूर कानात बिघडतो आहे की आपल्यातच काही बिघडले आहे, याची त्यालाच खात्री नसते. आई भजनी मंडळात का जात नव्हत्या, हे त्यांनी नंतर सांगितले. आपला सूर लागतो आहे की नाही हे कळेना, आणि बेसूर होऊन चारजणींत हसे होण्यापेक्षा घरी बसलेले बरे, असे त्यांना वाटत होते. वयाचे नाव पुढे केले की प्रश्न संपतात.

आता थोडे तरुण कानांबद्दल. धाकट्याच्या कानात दिवसभर इअरफोन असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने, ८० डेसिबलपर्यंतचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. ९० डेसिबल झाला की तीच मुभा आठवड्याला केवळ ४ तासांवर येते. साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. याच संघटनेच्या मते १२ ते ३५ वयोगटातल्या जगभरच्या १०० कोटींहून अधिक मुलामाणसांचे कान अशा ऐकण्यामुळे धोक्यात आहेत. मी हे सांगते तेव्हा चिरंजीव एका कानातला इअरफोन काढून ऐकतात आणि पुन्हा घालतात. पण त्या बाईंच्या दवाखान्यात आजीच्या कानांचा आलेख त्याने स्वतः पाहिला. डावीकडे खर्जाशी सपाट आणि उजवीकडे तार स्वरांशी धाडकन खाली कोसळणारी रेघ. त्या दिवसापासून त्याने मोबाईलवर आवाजाची मर्यादा लावून घेतली आहे. माझ्या व्याख्यानांपेक्षा ती एक रेघ भारी ठरली.

घरात कुणासाठी यंत्र घ्यायचे असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. यंत्र दुकानात जाऊन नुसते विकत आणू नये. आधी कानाच्या डॉक्टरांकडून आणि ऑडिओलॉजिस्टकडून तपासणी करून घ्यावी. कधी कधी दोष साध्या मळाचाही असतो! ‘आमच्या घरचे माणूस गाणे ऐकते’ हे पहिल्याच भेटीत सांगावे, आणि गाण्याची वेगळी मांडणी होते का ते पैसे देण्याआधी विचारावे. ती मांडणी ठरवताना त्यांच्या आवडीचे गाणे सोबत न्यावे. आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा पुन्हा जाऊन यंत्र जुळवून घ्यावे. तंबोराही एका झटक्यात लागत नाही. ज्यांना यंत्राचा खर्च झेपत नाही अशा कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारची २०१७ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, तिच्यात कानाच्या यंत्रांचा समावेश आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था ही या कामाची मोठी सरकारी केंद्रे आहेत. कमी ऐकू येण्याकडे दुर्लक्ष केले तर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असेही अलीकडचे संशोधन सांगते. तेव्हा ‘आता या वयात कशाला’ हे वाक्य या बाबतीत तरी मनातून काढून टाकलेले बरे.

बाकी घरची खबरबात ठीक आहे. ह्यांचे तलत पर्व अजून संपलेले नाही. लेक दिवाळीला येणार आहे. भाचीच्या मुलीला आम्ही नवी पेटी घेऊन दिली. जुनी पेटी दोरी सोडून परत आईंच्या खोलीत गेली. त्या रोज थोडा वेळ ती घेऊन बसतात. काळी चार दाबून डोळे मिटतात, हळूच सूर लावतात आणि मला हाक मारून विचारतात, “लागला का गं?” कधी लागलेला असतो, कधी नसतो. नसला तर मी तसे सांगते. खोटे सांगितले तर त्या पुन्हा विचारणार नाहीत.

भजनी मंडळात त्या अजून गेलेल्या नाहीत. पण कोणत्या गुरुवारी कोणती भजने आहेत, याची चौकशी शेजारच्या भाभींकडे करून झाली आहे.

तुमच्याही घरी कुणी आजी-आजोबा यंत्र लावत असतील. “ऐकू येतंय ना?” असे तर आपण त्यांना रोजच विचारतो. एकदा त्यांच्या आवडीचे गाणे लावून, शेजारी बसून विचारून बघा, “सूर कसा लागतोय?” उत्तर काय येते ते मला जरूर कळवा.